प्रयोगशाळेतला सेन्सर मॅनहोलपर्यंत का पोहोचत नाही?

पुण्याच्या पाषाण भागात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. इलेक्ट्रॉनिक्ससाठी लागणाऱ्या पदार्थांवर काम करणारी ‘सी-मेट’ ही केंद्र सरकारची संस्थाही त्याच भागात आहे. टिन, झिंक, टंगस्टन, तांबे अशा धातूंच्या ऑक्साइडांचे केसाहून हजारो पटींनी बारीक कण घडवणे आणि त्यांच्या साह्याने हवेतला घातक वायू ओळखणे, हा विषय अशा संस्थांना नवा नाही. त्याच पुण्याच्या दुसऱ्या बाजूला, सोलापूर रस्त्यावरच्या लोणी काळभोर परिसरात, मार्च २०२२ मध्ये मैलाटाकीत उतरलेले चौघे जण गुदमरून मरण पावले. वायू ओळखण्याचे ज्ञान आणि तो न ओळखता आल्याने होणारे मृत्यू यांच्यात इथे एका शहराइतकेच अंतर होते. नॅनो पदार्थांवरील संशोधनाबद्दल आपल्याकडे जे कौतुकाने लिहिले-बोलले जाते, त्यात या अंतराची चर्चा क्वचितच होते.

मैलाटाकी किंवा मॅनहोलमधला मृत्यू एकाच कारणाने होतो असे नाही. कधी मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड यांनी प्राणवायू हुसकावून लावलेला असतो, कधी हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साचलेला असतो आणि पुष्कळदा दोन्ही संकटे एकत्रच असतात. मैल्यातील सल्फेटवर जगणारे जिवाणू प्राणवायूच्या अभावी हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास अगदी अल्प प्रमाणातही जाणवतो, म्हणून अनुभवी कामगार नाकावर भरवसा ठेवतो. तिथेच घात होतो. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे १०० भाग झाले की घ्राणेंद्रिय बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला, असा समज करून घेणारा माणूस नेमक्या त्याच क्षणी सर्वांत मोठ्या धोक्यात असतो. हे प्रमाण ५०० च्या पुढे गेले तर काही मिनिटांत शुद्ध हरपते, हजाराच्या आसपास एक-दोन श्वासही पुरतात. भारतीय कारखाने कायद्याने आठ तासांच्या कामासाठी या वायूची मर्यादा दहा लाखांत १० भाग आणि थोड्या वेळासाठी १५ भाग अशी ठरवून दिली आहे. कारखान्यातील कामगाराला कागदावर तरी हे संरक्षण आहे.

आणखी एक गोष्ट बाहेरून पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो आणि गाळात विरघळलेलाही असतो. झाकण उघडून थोडा वेळ थांबले, वरच्या हवेत काही आढळले नाही, तरी फावडे लावून गाळ ढवळताच तो एकदम बाहेर पडतो. पहिला माणूस कोसळतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. बळींची संख्या अनेकदा तीन-चार असते ती यामुळे.

केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार २०१८ पासून तोपर्यंत गटारे आणि मैलाटाक्या साफ करताना देशात ३३९ जणांचा मृत्यू झाला. त्यातले ११७ एकट्या २०१९ मधले होते. २०२२ आणि २०२३ मधील ५४ मृत्यूंचे सामाजिक लेखापरीक्षण सामाजिक न्याय मंत्रालयाने करवून घेतले. त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये संसदेसमोर आले, तेव्हा ९० टक्क्यांहून अधिक मृतांजवळ कोणतेही सुरक्षा साधन नव्हते असे दिसले. जिथे हातमोजे नव्हते, तिथे वायुमापकाची अपेक्षा करणे हा विनोदच ठरावा.

चिमूटभर भुकटी, दीड हजार फूट पृष्ठभाग

धातूच्या ऑक्साइडला वायू ‘कळतो’ कसा, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा तिढा कळणार नाही. टिन ऑक्साइड हा अर्धवाहक आहे. तो दोनशे ते चारशे अंश सेल्सियसपर्यंत तापवला की हवेतला प्राणवायू त्याच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि पदार्थातील इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. त्यामुळे विजेला होणारा रोध वाढतो. आता हायड्रोजन सल्फाइड, स्वयंपाकाचा गॅस किंवा कार्बन मोनॉक्साइडसारखा वायू आला, तर तो त्या प्राणवायूशी अभिक्रिया करतो, अडकलेले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध झपाट्याने कमी होतो. हा फरक मोजायचा, एवढेच काम. जपानमधील क्युशू विद्यापीठात सेइयामा यांनी १९६२ मध्ये झिंक ऑक्साइडच्या पातळ थरावर हे दाखवून दिले.

सारा खेळ पृष्ठभागावरच होत असल्याने पृष्ठभाग जितका जास्त तितके बरे. एक ग्रॅम टिन ऑक्साइड सहा नॅनोमीटर व्यासाच्या कणांत विभागले, तर साध्या भूमितीच्या हिशेबाने त्याचा एकूण पृष्ठभाग १४० चौरस मीटरच्या आसपास भरतो. म्हणजे चिमूटभर भुकटीत दीड हजार चौरस फुटांची सदनिका! सहा हा आकडाही उगाच निवडलेला नाही. चिकटलेल्या प्राणवायूचा प्रभाव कणाच्या आत सुमारे तीन नॅनोमीटर खोलवर पोहोचतो. कणाचा व्यास याच्या दुपटीहून कमी झाला की संपूर्ण कणच त्या प्रभावाखाली येतो आणि सेन्सरची संवेदनशीलता एकदम वाढते. क्युशूमधल्याच यामाझोए आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हे प्रयोगाने सिद्ध केले. नॅनो या शब्दाभोवती पुढे जे वलय निर्माण झाले, त्याला या क्षेत्रात तरी भक्कम आधार होता.

असे कण तयार करायला अवाढव्य यंत्रसामग्री लागत नाही, ही या संशोधनाच्या प्रसाराची खरी किल्ली आहे. टिन किंवा झिंकच्या क्षाराचे द्रावण घ्यायचे, त्याचे जेल करून वाळवायचे आणि भट्टीत भाजायचे. किंवा टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या पोलादी भांड्यात ते हवाबंद करून दीडशे-दोनशे अंशांवर रात्रभर ठेवायचे. सकाळी भांड्यात कधी गोल कण, कधी काड्या, कधी फुलासारखे पुंजके मिळतात. तिसरा मार्ग फवाऱ्याचा. तापलेल्या काचेवर द्रावणाचा फवारा मारला की पातळ थर बसतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील भौतिकशास्त्र विभागाचे नाव अशा पातळ थरांच्या कामासाठी देशभर घेतले जाते. साने गुरुजींच्या अमळनेरमधील प्रताप महाविद्यालयात तर ऑक्साइडची पेस्ट करून ती पट्टीवर छापण्याच्या पद्धतीने अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड अशा वायूंचे सेन्सर घडवले गेले आणि त्यावरचे शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. लग्नपत्रिका छापतात तेच स्क्रीन प्रिंटिंगचे तत्त्व. तालुक्याच्या ठिकाणी बसून जागतिक दर्जाच्या प्रश्नावर काम करता येते, हे या विषयाने महाराष्ट्राला दाखवून दिले आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

हायड्रोजन सल्फाइडसाठी तर उत्तम जोडी फार पूर्वीच सापडली आहे. टिन ऑक्साइडमध्ये थोडे तांब्याचे ऑक्साइड मिसळले की दोहोंच्या संपर्करेषेवर विजेला मोठा अडथळा तयार होतो. हा वायू येताच तांब्याच्या ऑक्साइडचे रूपांतर सल्फाइडमध्ये होते, सल्फाइड विजेचे चांगले वाहक असते आणि अडथळा कोसळतो. इतर वायूंना तांबे असा प्रतिसाद देत नाही, त्यामुळे निवडही बऱ्यापैकी साधते. हे १९९० च्या दशकाच्या आरंभीपासून ठाऊक आहे.

काचेची पेटी आणि गटाराची हवा

मग अडते कुठे? पहिले उत्तर पदार्थातच आहे. बहुतेक महाविद्यालयीन प्रयोगशाळांत सेन्सरची चाचणी एका बंद पेटीत होते. पेटीत कोरडी, स्वच्छ हवा असते आणि पिचकारीने मोजका वायू सोडला जातो. आलेखावर रेघ झर्रकन वर जाते आणि खाली येते. मॅनहोलमधील हवा जवळजवळ पूर्ण दमट असते. पाण्याची वाफ ऑक्साइडच्या पृष्ठभागावर प्राणवायूची जागा बळकावते आणि सेन्सर मंदावतो. तिथे एक वायू नसून मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड यांचे मिश्रण असते. शिवाय सेन्सरचे कामच ज्या प्राणवायूवर अवलंबून, तोच तिथे कमी असतो. प्राणवायू घटला की वायू नसतानाचा मूळ आकडाही हलतो. ज्या परिस्थितीत माणसाला इशारा सर्वाधिक हवा, त्याच परिस्थितीत साधन गोंधळते.

त्यात वार्धक्याची भर. तीनशे अंशांवर महिनोन् महिने तापत राहिलेले सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. सहा नॅनोमीटरचे कौतुक हळूहळू ओसरते. तांबे-टिन जोडीत सल्फाइड झालेले तांबे पुन्हा ऑक्साइड व्हायला वेळ लागतो आणि प्रत्येक वेळी ते पूर्ण पूर्वस्थितीला येतेच असे नाही. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनी २००३ मध्ये नेमक्या याच जोडीच्या थरांमध्ये आकडा का सरकत जातो, याची कारणमीमांसा प्रसिद्ध केली होती. हे काम नव्या पदार्थाच्या घोषणेइतके आकर्षक नसते. पण कामगाराच्या कमरेला लावायच्या उपकरणाच्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे म्हटले पाहिजे.

अशा कामाला आपल्या विद्यापीठीय व्यवस्थेत बळ मिळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करणे बंधनकारक होते. ती अट २०२२ च्या नियमावलीत काढली गेली, तरी नेमणुका आणि बढत्यांतील शोधनिबंधांचे वजन संपलेले नाही. नव्या आकाराच्या कणांवर सहा महिन्यांत एक निबंध होतो. तोच सेन्सर दोन वर्षे दमट हवेत ठेवून त्याचा आकडा किती सरकला हे पाहिले, तर दोन वर्षांनी एकच निबंध हाती येतो आणि तोही ‘सेन्सर बिघडला’ असे सांगणारा. विद्यार्थी कशाची निवड करील हे वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या टोकाला अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या प्रदर्शनात ‘सफाई कामगारांसाठी स्मार्ट हेल्मेट’ मांडलेले असते. त्यातला सेन्सर बहुधा चिनी बनावटीचा, ‘एमक्यू’ मालिकेतला, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काहीशे रुपयांत मिळणारा असतो. त्याच्या पोटातही टिन ऑक्साइडच आहे! विद्यार्थ्यांची तळमळ खरी असते. परंतु ज्ञात प्रमाणाच्या वायूशी आकडे पडताळून न पाहिलेला सेन्सर भोवतालचा बदल दाखवतो, प्रमाण सांगत नाही. तो गप्प आहे म्हणून आत उतरणे हा नाकावर विश्वास ठेवण्याचाच नवा प्रकार झाला. म्हणजे एकाच शहरात एकीकडे नव्या पदार्थांवर निबंध लिहिणारे आहेत, दुसरीकडे आयात सेन्सरवर प्रकल्प करणारे आहेत. दोघांची गाठ पडत नाही, कारण मधला उद्योग फारसा उभाच राहिला नाही.

गिऱ्हाईक कोण?

उद्योग का उभा राहतो, याचे उत्तर जपानमध्ये मिळते. घरोघरी सिलिंडरचा गॅस पोहोचला आणि स्फोट होऊ लागले, तेव्हा नाओयोशी तागुची यांनी टिन ऑक्साइडचा सेन्सर तयार केला. १९६८ मध्ये त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी फिगारो ही कंपनी स्थापन झाली. ओलावा, आयुष्य, खोटा इशारा या अडचणी त्या सेन्सरलाही होत्या. पण घरात इशारायंत्र लावणारे गिऱ्हाईक समोर होते, म्हणून त्या एकेक करून सोडवणे परवडले. कणांचा आकार सहा नॅनोमीटर असावा की आठ, यापेक्षा ही गोष्ट निर्णायक ठरली.

भारतातही जिथे गिऱ्हाईक होते, तिथे चित्र निराळे आहे. अणुऊर्जा कार्यक्रमासाठी लागणारे जड पाणी राजस्थानातील कोटा आणि तेलंगणातील मणुगुरू येथे हायड्रोजन सल्फाइडचाच वापर करून तयार केले जाते. म्हणजे गटारात जीव घेणारा हा वायू तिथे कारखान्याच्या टाक्यांमध्ये प्रचंड प्रमाणात खेळवला जातो. तिथे गळती ओळखण्याची व्यवस्था ही उत्पादनाचीच अट असते. भाभा केंद्रासारख्या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेत या वायूच्या सेन्सरवर वर्षानुवर्षे काम होत राहिले, ते या पार्श्वभूमीवर पाहायला हवे. वायू तोच, विज्ञानही तेच. फरक एवढाच की कारखान्यातील गळतीची जबाबदारी कोणाची हे ठरलेले आहे.

गटाराच्या बाबतीत कायदा मागे आहे असे म्हणता येणार नाही. २०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखालील नियमांत मालकाने द्यावयाच्या सुरक्षा साधनांची लांबलचक यादी आहे आणि तीत चार वायूंचा मापक स्पष्टपणे नमूद आहे. ही साधने न पुरवता कोणालाही गटारात किंवा मैलाटाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, पुन्हा घडल्यास पाच वर्षे किंवा पाच लाख, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृतांच्या कुटुंबीयांना १० लाख रुपये भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाखांवर नेली. मुंबईत गोवंडीच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या मैलाटाकीत डिसेंबर २०१९ मध्ये तिघे दगावले, तेव्हा त्यांच्या पत्नींना भरपाईसाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले होते. आदेश झाला सप्टेंबर २०२१ मध्ये.

बाजारात मिळणारा चार वायूंचा मापक प्राणवायू, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड मोजतो. त्यातले विषारी वायूंचे सेन्सर सामान्यतः विद्युत-रासायनिक असतात, धातू ऑक्साइडचे नव्हेत. ते अचूक असतात, पण दोन-तीन वर्षांत बदलावे लागतात आणि प्रमाणित वायूने त्यांची वारंवार पडताळणी करावी लागते. धातू ऑक्साइडचा सेन्सर स्वस्त, टिकाऊ आणि अत्यंत लहान करता येण्याजोगा असल्यामुळे त्याला इथे वाव आहे. प्रत्येक कामगाराच्या कमरेला नसला, तरी मॅनहोलच्या झाकणाखाली कायम बसवून वायू साचत असल्याची आगाऊ सूचना देण्याचे काम तो करू शकेल. मिथेन असलेल्या जागेत तीनशे अंशांवर तापलेली वस्तू ठेवायची म्हणजे स्फोटरोधक आवरण आले, आणि नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेच्या मान्यतेचा प्रश्नही आला. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने हे करावे अशी अपेक्षा चुकीची आहे. त्याला कारखानदार लागतो आणि कारखानदाराला मागणी लागते.

मागणीच्या बाजूने एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागेल. सफाई कर्मचारी आंदोलनाची भूमिका अशी की माणसाने गटारात उतरणेच थांबले पाहिजे. तसे असेल, तर सेन्सर कशासाठी? ‘आता हवा तपासली, उतर’ असे म्हणायला ठेकेदाराला निमित्त मिळेल, ही भीती निराधार नाही. या कामात पिढ्यान् पिढ्या कोणत्या जातींची माणसे ढकलली गेली, हे पाहता तर ती अधिकच खरी वाटते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सहा महानगरांत हाताने गटारसफाई बंद करण्याचा आदेश दिला, तोही याच दिशेचा आहे. तरीही यंत्राने सफाई करतानाही तोंडाशी माणूस उभा असतो आणि केरळच्या तरुणांनी बनवलेल्या ‘बँडिकूट’ या यंत्रमानवातही वायुसेन्सर आहेत. सेन्सरचे काम उतरण्याची परवानगी देणे हे नसून उतरू न देणे हे आहे, अशी नियमांची मांडणी केली तर दोन्ही भूमिकांत विरोध राहत नाही.

केंद्राची यांत्रिक सफाईसाठीची ‘नमस्ते’ योजना २०२३-२४ पासून तीन वर्षांसाठी ३४९ कोटी ७० लाख रुपयांची होती. सुरक्षा साधने आणि आपत्कालीन पथकांची सामग्री हे तिचे घटक. अशा खरेदीत ‘वायुमापक, नग इतके’ एवढीच नोंद झाली, तर पेटीत पडून राहिलेली आणि कधीच न पडताळलेली उपकरणे महापालिकांच्या भांडारांत जमा होतील. दमट हवेत दोन वर्षे आकडा किती सरकला तर चालेल, दर किती महिन्यांनी पडताळणी करायची आणि ती कोण करणार, हे निविदेत लिहिले गेले, तर पाषाण, कोल्हापूर किंवा अमळनेरच्या प्रयोगशाळेला प्रथमच एक नेमका प्रश्न मिळेल. पडताळणीचे केंद्र चालवणे हे काम तर जवळच्या विद्यापीठाकडे सोपवता येण्यासारखे आहे.

यातून खासगी मैलाटाक्या मात्र निसटतात. मुख्य मलवाहिनीला न जोडलेल्या उपनगरांत आणि शहरांच्या सीमेवरच्या गावांत संकुलांच्या टाक्या भरल्या की सचिव ओळखीच्या ठेकेदाराला दूरध्वनी करतो. दर ठरतो, दोन माणसे येतात, झाकण उघडले जाते. कायद्यातील दोन वर्षांच्या कैदेची तरतूद त्या सचिवालाही लागू होऊ शकते, याची कल्पना किती गृहनिर्माण संस्थांना आहे? लोणी काळभोर आणि गोवंडी या दोन्ही घटना मैलाटाक्यांच्याच आहेत. तिथे महापालिकेची निविदा नसते, अभियंता नसतो आणि आलेल्या माणसांकडे मापक आहे का, हे विचारण्याची जबाबदारी संकुलाच्या व्यवस्थापन समितीवरच येऊन पडते.